काउंटरवरचं पाणी

रऊफभाईने काच कापून दिली, दोन फूट बाय एक,
आणि सिलिकॉनचा आंबूस वास
दोन दिवस दुकानात गिऱ्हाइकासारखा बसून राहिला.
"भरल्यावर बोटाने दाबून बघू नको," म्हणाला,
"पाण्याला आधी बसू दे."
चोपन्न लिटर म्हणजे चोपन्न किलो,
वाळू वेगळी.
बापाच्या हातचं सागाचं काउंटर
इतक्या घड्याळांनी कधी वाकलं नव्हतं,
खाली दोन विटा लावल्या.

वाळू पांझरेची, पुलाखालून एक घमेलं.
अकरा पाण्यांनी धुतली, बाराव्यालाही गढूळच.
दगडावर लिंबू पिळून पाहिलं,
फेसाळला तो बाहेर ठेवला.
आपलं बोअरचं पाणी आधीच एवढं जड
की पातेल्याला पांढरा थर धरतो.

झाडं चिमट्याने लावली,
ज्या चिमट्याने चाळीस वर्षं
केसाएवढी स्प्रिंग उचलली, श्वास धरून.
मूळ वाळूत सोडायचं आणि चिमटा
तिरका काढून घ्यायचा,
नाहीतर झाड मागोमाग येतं.
पाण्याखाली सगळं जवळ दिसतं,
हात मात्र दोन बोटं चुकतो.

हिरकणबाई शेंगांची पाटी टेकवून आत डोकावली.
"मासा कथा शेतस?"
अजून नाहीत.
"मंग हाई काय शे?"
पाणी तयार होतंय, म्हटलं. महिना लागेल.
ती हसली नाही.
"इरजन लायेल शे, आसं सांग ना."

पंधराव्या दिवशी पानं विरघळू लागली.
आधी पारदर्शक, मग तपकिरी, मग नुसता लगदा.
मी कुजकं कापत राहिलो
आणि दुरुस्तीच्या पावत्यांमागे लिहीत राहिलो:
दिवा सहा तास. पाणी बदललं, पाव हिस्सा.
वास, ओल्या मातीचा.
एका सकाळी काचेवर गोगलगाय, मिरीएवढी.
कुणी बोलावली नव्हती.
तिच्या शेजारी, बुडख्यातून,
एक पान निघालेलं, सुईच्या टोकाइतकं,
जे मी लावलेलं नव्हतं.

मलेरिया विभागातला धनराज खैरनार
लोणच्याच्या बरणीतून गप्पी मासे घेऊन आला,
गटारीत सोडतात तेच, फुकट.
"शोभेचे नाहीत हं," म्हणाला, जरा ओशाळून.
राखाडी, सहा. एकाच्या शेपटीवर नारिंगी ठिपका,
कुणी ब्रश झटकताना उडावा तसा.
बरणी तासभर पाण्यावर तरंगत ठेवली.
धनराज चहा पिऊन गेला तरी
ते आतल्या आत फिरतच होते.

मे महिन्यात आग्रा रोडचं डांबर चपलेला चिकटतं.
पंचेचाळीसला लाइट गेली.
मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले,
पंपाचा आवाज नाही तेव्हा कळलं
दुकान किती दिवस बंद पडल्यासारखं होतं.
रसवंतीवाल्याकडून गोठलेल्या बाटल्या आणल्या,
एक एक करून सोडल्या, सगळ्या एकदम नाही,
आणि कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने पाण्याला वारा घातला
आजारी माणसाला घालतात तसा.
हिरकणबाईने मधे तासभर पुठ्ठा घेतला.
तरी दोन गेले.

तेव्हापासून इतकं शिकलो:
वाफ जाते, क्षार मागे राहतात,
म्हणून रोजची भर जारच्या पाण्याची,
बोअरचं फक्त शुक्रवारी, बादलीत रात्रभर उभं ठेवलेलं.

आज शुक्रवार.
नळी तोंडाने ओढली, एक घोट चुकून आत गेला,
चव लोखंडी, वाईट नाही.
मळकं पाणी हिरकणबाईच्या डब्यातल्या मेथीला.
सहा वर्षांपूर्वी टाकलेलं एचएमटी विचारायला
एक म्हातारे आले, "झालं का चालू?"
मी त्यांना भिंग दिलं आणि टाकीकडे बोट केलं.

शेवाळाच्या मागे, नुसते दोन डोळे
आणि त्यांना लागून एक स्वल्पविराम.
मग दुसरा. मग पुष्कळ.
म्हाताऱ्यांनी सतरा मोजले, मी पंधरा.
आई खाते त्यांना, मी म्हटलं.
"हो का," म्हणाले, आणि भिंग परत देईनात.

झाडं आज छाटायची होती.
राहू दिली.