शेऱ्याचा रकाना

फेब्रुवारी संपता संपता पेटी आली.
पेटीत एक तापमापी, पाऊस मोजायचं नळकांडं,
बारा पानांची मार्गदर्शिका
आणि सतरा रकान्यांची वही.
केंद्रप्रमुख म्हणाले, सही करा, फोटो टाका,
फोटोत पेटी दिसली पाहिजे, लेकरं दिसली पाहिजेत
आणि मागं शाळेचं नाव.

हिवरजवळ्याच्या शाळेला नाव आहे,
फक्त सप्टेंबरात खालची ओळ धुऊन गेली.
तेव्हा मी चौथीला 'पाणी जपून वापरा' शिकवत होतो.
बाणगंगा दारातून आत आली,
पोरांच्या चपला गोळा करत
फळ्याखालून मागच्या खिडकीकडं निघाली.
आम्ही बाकांवर उभे.
पाणी जपून बघत.

ते राहू द्या. सांगायचंय तापमापीचं.

ती दिली सहावीतल्या तनजीला तांबोळीकडं.
अक्षर सुबक, आणि खोटं बोलायला जमत नाही.
चिंचा पाडायच्या झाल्या
तर पोरं आधी तिला घरी धाडतात.

मार्चातला दुसरा सोमवार, दुपारचा एक.
वर्गात पत्र्याखाली त्रेचाळीस.
व्हरांड्यात, लिंबाकडच्या खांबाला, एकोणचाळीस.
"सर, आतलं लिहू का भाईरलं?"

मार्गदर्शिका काढली. पान सात:
'योग्य ठिकाणची नोंद घ्यावी.'
योग्य म्हणजे कोणतं, ते पुढं असेल म्हणून पान उलटलं
तर घोषवाक्य स्पर्धेचं वेळापत्रक.

गव्हाणे सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष.
ते म्हणाले, चाळीसच्या वर गेलं की वेगळा अहवाल,
अहवाल गेला की तपासणी,
तपासणीवाले विचारणार, इथं पंखे का नाहीत.
मी म्हणालो, विचारू द्या की.
"ते आपल्यालाच विचारतात हो."

एकोणचाळीस लिहिलं.
तिनं लिहिलं, पण सांगितलं मी.

आठवडाभर कागदावर शाळा गार होती.
शुक्रवारी दुसरीतला गहिनी
पाढे म्हणता म्हणता बाकावर आडवा झाला
आणि हाक मारली तरी उठेना.
खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाई धावत आल्या,
पदर भिजवून त्याच्या डोक्यावर धरला,
चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं.
त्यानं डोळे उघडले, विचारलं, सतरा सत्ते झालं का.
मग त्या वर पत्र्याकडं बघत
कुणालाच न बोलता बोलल्या,
"चुना मारा की वं. मी शेळ्यांच्या छपराला दरसाल मारते.
शेळीला कळतंय."

अनुकूलन निधीचं पत्र आमच्याकडं आहे.
पत्र आहे, निधी मागून येणार आहे.
चुन्याची दोन पोती कौसाबाईंच्या घरून आली,
डिंक गव्हाणे सरांनी आणला, स्वतःच्या पैशानं,
आणि बजावलं, फोटो काढू नका,
परवानगी घेतलेली नाही.
शनिवारी गहिनीचा बाप आणि दोन चुलते वर चढले.
खाली सातवीची पोरं बादल्या देत राहिली,
सगळी पांढरी, भुवयांसकट.

सोमवारी आत एकोणचाळीस.
भाईर एकोणचाळीस.
वहीतला आकडा पहिल्यांदा खरा निघाला.
तनजीला काही बोलली नाही,
नुसतं टोपण काढून पेन माझ्यापुढं धरलं,
की घ्या, आज तुम्ही लिहा.

लिहिताना बघितलं.
सतराव्या रकान्यात, शेरा,
मागच्या आठवड्याच्या ओळींपुढं पेन्सिलीनं, मुंगीएवढं:
आत ४३. आत ४३. आत ४४. आत साडेत्रेचाळीस.
आणि शुक्रवारपुढं:
आत ४४, गहिनी पडला.

खोडरबर टेबलावरच होतं.
मी पेन्सिलीवरून पेन फिरवलं.
संध्याकाळी चिंचेखाली रेंज धरून नोंदी भरायला बसलो.
वहीत सतरा रकाने, ॲपमध्ये सोळा.
शेऱ्याला जागा नाही.
'माहिती यशस्वीरीत्या सादर झाली.'

तपासणी अजून आलेली नाही.
वही कपाटात आहे.
कपाट पत्र्याखाली.