उभ्या दिवसांचा हिशेब

मंठा रोडला, सळईच्या मिलच्या भिंतीला लागून
आमचं डेंटिंग-पेंटिंगचं शेड.
तेरा गाड्यांची जागा. त्या सोमवारी बावीस होत्या.
एक बोलेरो तर लिंबाखाली इतके दिवस उभी
की बोनेटवर लिंबोळ्या वाळल्या
आणि मागच्या सीटवर एका कुत्रीनं
बिऱ्हाड मांडलं.

गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, "ताई, कधी?"
मी म्हणायचे, "दोन दिवसांत."
जालन्यात नळाला पाणी येतं
तसे आमचे दोन दिवस.

एका रात्री वही घेऊन बसले.
अंबडच्या मास्तरांची काळी स्विफ्ट,
उजवा दरवाजा, फेंडर, एक हेडलाइट.
आत एकोणीस दिवस.
त्यात हातोडा साडेचार तास.
पुट्टी, घासणं, प्रायमर, रंग मिळून नऊ.
बाकी सगळा वेळ
नुसती उभी,
दवाखान्याच्या बाकावर केसपेपर धरून बसल्यासारखी.

मालक म्हणाले, "दोन पोरं वाढवू का?"
म्हणलं, पोरं कामून? आहेत ती चहा प्यायलेत.
पोरगं हेडलाइटची वाट बघतंय,
हेडलाइट संभाजीनगरच्या पार्सलची,
पार्सल सर्व्हेअरच्या होकाराची,
आणि सर्व्हेअर त्या फोटोची
जो सोपाननं मंगळवारीच काढलाय
आणि पाठवायचा राहिलाय.

मग फळा आणला, शाळेच्या भंगारातला, एक कोपरा तुटका.
गाडी. आली कधी. कशासाठी थांबलीय.
तिसरा रकाना रोज सकाळी भरायचा.
तिथं "काम चालू" लिहायला मनाई.

बंपर उतरवल्याशिवाय आतलं मोडलेलं कळत नाही
हे गफूर उस्ताद तीस वर्षं सांगायलेत.
आता आल्या दिवशीच गाडी पुरती उघडतो,
पार्ट एकदाच मागवतो, तीन हप्त्यांत नाही.
दिगंबर रंग पहाटे चारला मारतो.
वारं पडलेलं असतं, मिलची काजळी जरा निजलेली.
दुपारी मारला की फोड यायचे,
मग पुन्हा घासा, पुन्हा मारा, पुन्हा
"ताई, कधी?"

उस्ताद मात्र फळ्याकडं बघायचे नाहीत.
पत्र्याच्या आतल्या अंगाला तळवा लावून डोळे मिटायचे.
"कौसाबाई, पत्र्याला त्याचा जुना आकार याद असतो.
मी फक्त हळूच विचारतो.
त्याच्यापुढं टाइम लिहू नका."
नाही लिहिला.
उशीर हातोड्याचा कधी नव्हताच.

सातव्या आठवड्यात एकोणीसचे सात झाले.
शेडमधून आरपार भिंत दिसायला लागली.
मालक उगीचच मोकळ्या जागेत चकरा मारायचे.

आणि बोलेरोचा क्लेम सुटला.
पार्ट हजर. रंग हजर. दिगंबर मोकळा.
सोपाननं मागचं दार उघडलं आणि तसंच लावलं.
"ताई, चार आहेत. रातचीच."

फळ्यापुढं उभी राहिले खडू घेऊन.
तिसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखं
कुठलंच कारण उरलेलं नव्हतं.
तशीच घरी गेले.

सकाळी तिथं काहीतरी लिहिलेलं.
उर्दू शाळेत वळण लागलेला हात,
काना-मात्रा उजवीकडून कललेल्या,
खडू एका जागी मोडलेला:
पिल्लांचे डोळे.

उस्ताद पाठमोरे, कुणाच्या तरी दरवाज्यावर टकटक करत.

अकराला बदनापूरहून फोन आला, बोलेरोवाल्याचा.
"ताई, कधी?"
"दोन दिवसांत" ओठावर आलेलं गिळलं.
"बारा दिवस," म्हणलं. आणि का, तेही सांगितलं.

पलीकडं बराच वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज.
मग तो म्हणाला,
"किती हायेत?"