एक हात बोटीसाठी

चाळीस वर्षं बॅरेंट्स समुद्रात काढली.
डेक कलायचा, मी कलायचो, टबातले कॉड कलायचे,
आणि पडलो कधी? सत्त्याहत्तराव्या वर्षी,
स्वयंपाकघरात, लोकरी मोज्यांवर,
वरच्या फळीवरून कॉफीचा डबा काढताना.
बाहेर बंदरात पाणी हलतसुद्धा नव्हतं.

आवाज आला. दोर तुटतो तसा मोठा नाही,
काडी मोडावी तसा, किरकोळ.
डावा पाय भिंतीकडे तोंड करून पडला,
रुसल्यासारखा,
उजव्याहून दोन बोटं आखूड.
फोन टेबलावर, मी खाली.
मध्ये पाऊण मीटर आणि चार तास.
नोव्हेंबर संपत आलेला, उजाडणार नव्हतंच.
टेबलाच्या पोटावर पेन्सिलीनं लिहिलेलं माप वाचत राहिलो,
माझंच अक्षर, एकाहत्तर सालचं,
हात न थरथरता काढलेले आकडे.

किर्कनेसच्या इस्पितळात फोटो दाखवला.
मांडीच्या हाडालाही मान असते, मला कुठं ठाऊक!
बारीक, तिरकी, सगळा देह तोलणारी.
ती मोडली की माणसाचीही खाली जाते.
तिसऱ्या दिवशी नर्सनं मला धुतलं
आणि मी छतावरचे स्क्रू मोजले.

सर्जन म्हणाली, जाळं कुजतं तसं हाड झिजतं,
वरून रंग तोच राहतो.
पिंपंच्या पिंपं कॉडची यकृतं विकली मी.
त्यांचं तेल कुठल्या कुठल्या देशांतली पोरं प्यायली.
दोन महिने सूर्य न दिसणाऱ्या या गावात
मी मात्र चमचाभरही नाही घेतलं.
वास येतो म्हणून.

दर मंगळवारी थुष्यंती येते.
तिचा बाप जाफन्याहून आलेला,
बोट्सफ्यूरच्या कारखान्यात माझेच मासे कापायचा.
हिची बोली माझ्याहून पक्की इथली.
बंदराचा तपासनीस बोट बघतो तसं तिनं घर पाहिलं:
वायर, उंबरा, संडासाकडे जाणारा अंधार,
झोपेच्या गोळ्यांची बाटली (ती डॉक्टरशी बोलून सुटली हळूहळू).
मग गालिचा.
"कुणी विणला?"
"बोर्गहिल्डनं."
ती खाली बसली, झालर बोटांत धरली थोडा वेळ.
"भिंतीवर लावा. वाटेत नको."

पुढच्या मंगळवारी गालिचा तिथंच होता.
त्याच्या पुढच्याही.
मग एका रात्री शिडासारखा गुंडाळला
आणि पलंगाच्या रिकाम्या अर्ध्यात ठेवला.

संडासाजवळच्या दांड्यावरून मात्र भांडलो.
"मी म्हातारा नाही."
"बोटीला कठडा होता ना?" ती म्हणाली,
"तेव्हा म्हातारे होता?"

पंधराव्या वर्षी पहिल्या कप्तानानं
कानफटात मारून शिकवलं होतं,
एक हात बोटीसाठी, एक स्वतःसाठी.
जमिनीवर आलो आणि दोन्ही हात
कॉफीसाठी वर केले.

आता डबा कमरेच्या उंचीवर.
रात्रभर एक दिवा जळतो, दीपगृहाइतका आगाऊ.
हात न टेकता खुर्चीतून उठायचं, दहा वेळा.
सात होतात. आठव्याला शिव्या.
नवव्याला कधी कधी बोर्गहिल्ड हसते, असं वाटतं,
पण ते गुडघे असतात.

समोरचा आर्नफिन, वय एक्क्याऐंशी,
सपाता घालून बर्फावरून टपाल आणायला जातो.
काल त्याच्या दारात गेलो,
बुटांना लावायच्या खिळ्यांची जादा जोडी घेऊन,
एक हात चौकटीवर.
"मी जन्मात पडलो नाही," तो म्हणाला.
"मीसुद्धा," म्हटलं.

त्यानं घेतली. आतल्या खुंटीला टांगली.
आज सकाळी माझ्या खिडकीतून दिसली,
खुंटीवरच.
मी कोट घातला.