तळघरातलं

सापडलं तेव्हा पाव डॉलरच्या नाण्याएवढं होतं.
सिग्नीने टोपीत घालून आणलं,
म्हणाली, दोनच दिवस, बाबा.

सिग्नी आता ओरेगॉनला, दोन मुलांची आई.
कासव इथंच, विस्कॉन्सिनमध्ये,
गुरांना पाणी पाजायच्या पत्र्याच्या टाकीत.
चौदा किलो.

व्हर्लिन हाउगेन दर शनिवारी पाणी बदलतो.
कवचाची मागची कड धरायची, दोन्ही हातांनी.
शेपटीला धरून उचलायचं नाही, मणके निखळतात.
हे तो मीटर बघायला आलेल्या पोरालाही सांगतो,
न विचारता.

चावरं आहे, म्हणतात लोक.
तो म्हणतो, पोटाखालचं कवच तोकडं पडतं याला,
धाकट्या भावाचा सदरा घातल्यासारखं.
डोकं आत ओढून गप्प बसणं
बाकीच्या कासवांना परवडतं.

परवाच्या वादळात तीन रात्री वीज नव्हती.
थंडीचं त्याला काहीच नाही,
बर्फाखाली झोपणारी जात.
तरी हा कंदील घेऊन टाकीशेजारी,
खुर्चीत, बूट न काढता.

मृत्युपत्राला वकीलबाई आल्या.
घर सिग्नीला. ट्रक पुतण्याला.
आणि खाली ते?
व्हर्लिनने बराच वेळ पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"तो रकाना राहू द्या."

मग एक मासा टाकला. पाणी फुटलं, मिटलं.
जिना चढताना त्याने सवयीने बोटं मोजली.
साडेनऊ.
बरोबर आहेत.