जर्मनी, मुक्काम परभणी

जिंतूर रोडला, वीटभट्टीच्या अलीकडं आमचं गॅरेज.
मिस्त्री इनायतभाई. बिलं मी लिहिते,
कारण माझं अक्षर वाचता येतं
आणि उधारीला मला ‘नाही’ म्हणता येतं.

वायवळ सरांची गाडी पहिल्यांदा आली ती टेम्पोवर.
पिराजीनं हौसेनं बॉनेट उघडलं.
आत नुसती डिक्की. एक स्टेपनी, एक चतकोर टॉवेल.
“सर, इंजिन चोरीला गेलंय!”
इंजिन मागं असतं हिचं, सर म्हणाले, सीटच्या पाठीशी.
तेव्हापासून पिराजी तिला उफराटी म्हणतो.

दोन सीट, वीस वर्षं, रंग कधीकाळी चांदीचा.
जगात जर्मनी, देशात परभणी
हे म्हणणाऱ्यानं काही बघून म्हटलं नसेल,
मी मात्र दोन्ही एकाच रॅम्पवर चढलेली बघितली.

पहिलं बिल पाण्याच्या टाकीचं. प्लॅस्टिक, तडकलेलं.
अकरा हजार, शिवाय पुण्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याचे दोनशे.
इनायतभाईनं जुनी टाकी उजेडात धरली,
आतून पांढरी फटक, क्षाराचं किटण.
“बोअरचं पाणी पाजलं का सर हिला?”
सर खाली बघत राहिले.
ज्यांनी तीस वर्षं ज्वारीचे वाण तपासले,
कोणता किती तहान सोसतो त्याची कोष्टकं मांडली,
त्यांनी.

मग मागच्या सीलमधून तेल. फरशीवर रोज रुपयाएवढा डाग.
सील सहाशेचं,
पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवायचा,
मजुरी चौदा हजार.
सरांनी तीनदा वाचलं,
म्हणाले, पीएचडीचंही असंच असतं.

छत कापडी. बटण दाबलं की दुमडतं.
मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीला,
वसमत रोडवर ते अर्ध्यात अडकलं.
सर डोक्याला रुमाल बांधून आले,
मागं तीन सायकली, एक कुत्रं.
मोटर बावीस हजार. नको म्हणाले.
आता पिराजी आणि सर दोन बाजूंनी धरून ओढतात,
कडब्याच्या गंजीवर ताडपत्री ओढावी तसं.

स्पीडब्रेकरचा हिशेब वेगळा. त्याची वहीच वेगळी.

पण खरं दुखणं इनायतभाईनं मागच्या महिन्यात सांगितलं,
चहा मागवून, शटर अर्धं ओढून.
इंजिनच्या पोटात एक बेअरिंग आहे, पेढ्याएवढं.
दिसत नाही. कुरकुरत नाही.
जातं तेव्हा सगळं इंजिन घेऊन जातं.
आत्ता बदललं तर एक लाख ऐंशी.
गेल्यावर, इंजिन नऊचं. गाडी सहाची.

“म्हणजे खराब झालंय का ते?”
“नै सर. होताच बोलके भी नै.
शायद आपके बाद तक चलता.”

सर हसले,
आणि ते हसू तसंच तोंडावर विसरले.
मग माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं का?
मी कोऱ्या पावतीवर तारीख टाकून बसलेली,
मला दोन्ही उत्तरं लिहिता येतात.

गुरुवारी सांगतो म्हणाले. आज तिसरा गुरुवार.

दुपारी गॅरेज झोपलं की मी तिच्यात जाऊन बसते.
सीट इतकी खाली की जग शेळीच्या उंचीवरून दिसतं:
ट्रकची चाकं, कुणाच्या चपलेचा तुटका अंगठा,
सांडलेली बडीशेप.
किल्ली फिरवते.
पाठीच्या कण्याला लागून ती उठते
आणि मी कान देते त्या पेढ्याएवढ्या गोष्टीला.

काही नाही.
पलीकडच्या रसवंतीची घुंगरं.
डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा,
तो कायमच लागतो,
त्याचं बिल आम्ही लावत नाही.