उन्हाकडची बाजू

बोहरी आळीत, दोरखंड आणि डब्यांच्या दुकानांमधून
एक जिना वर जातो. सोळा पायऱ्या, तेरावी मोडकी.
वर दुरैयाबेन. उत्तरेची खिडकी, टेबलावर कोरा कागद,
चिमटा, आणि दहापट दाखवणारं भिंग.
"दुपारी येत जा," म्हणाल्या,
"बल्बखाली सगळेच राजे दिसतात."

पहिल्या शनिवारी त्यांनी पाच खडे मांडले,
पाचही जांभळे.
एक खोटा आहे, म्हणाल्या.
मी त्यालाच सगळ्यांत सुंदर म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. चहा सांगितला.

"गालाला लाव."
काच लगेच माणसाळते,
अंगाची ऊब घेऊन आपली होऊन बसते.
स्फटिक बराच वेळ परका राहतो,
माठाच्या बुडासारखा गार.
मग भिंग. काचेत गोल बुडबुडा,
भट्टीत कुणाचा तरी अडकलेला श्वास.
आणि जमुनियात रंग एकसारखा नाहीच,
कुठे दाट, कुठे विरळ,
निऱ्यांसारखे कोनात दुमडलेले पट्टे.
"फार नितळ असेल तर आधी संशय घे,"
बेन म्हणाल्या, बशीत चहा ओतत.

पुढे आयोलाइट. समोरून जांभळा,
जरा वळवला की निळसर,
आणखी वळवला तर पातळ ताकासारखा.
"आमच्या नणंदेसारखा," म्हणाल्या,
आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
पुढे जांभळा नीलम, एवढासा, पण तळहाताला जड.
पुढे आमसुलाच्या साराच्या रंगाचा तामडा.
त्याला मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदाही.

आधी मला या सगळ्याला एकच शब्द येत होता.
आता मंडईत उभी राहते
पुरंदरच्या अंजिरांपुढे, काटेरी वांग्यांपुढे,
देठाखाली जिथे रंग फिकटतो तिथे वाकून,
आणि भाजीवाली विचारते,
"ताई, घ्यायचीत की नुसती बघायचीत?"
ऑफिसात चलनावर शिक्का मारताना
शाईलाही विचारते, तू कुठली गं?

मग एका शनिवारी अण्णांचा दगड नेला.

अण्णा वाघोलीच्या खाणीवर डंपर चालवायचे.
सुरुंगानंतर काळ्या दगडाच्या पोटात
कधी कधी पोकळी निघे, आत पांढरे, हिरवट काटे.
चांगले तुकडे व्यापारी नेत.
हा कुणालाच नको होता,
नारळाच्या करवंटीएवढा, आत जांभळी साखर.
डब्याच्या पिशवीतून घरी आणला
आणि खिडकीत ठेवला, उन्हात चमकतो म्हणून.
एकवीस वर्षं चमकला.
फिका पडत गेला तसं आम्ही म्हणायचो, धूळ बसली.
आई दर दिवाळीला साबणाने धुवायची.

दुरैयाबेननी भिंगसुद्धा उचललं नाही.
"उन्हाने खाल्लाय," म्हणाल्या.
"काहींना सोसत नाही. किंमत? काही नाही."
मी मान हलवली. फडक्यात गुंडाळू लागले.
"थांब," म्हणाल्या,
आणि दगड उलटा करून खिडकीकडे धरला.
भिंतीच्या बाजूला, एका कपारीत,
जिथे आमच्या घरचं ऊन कधी पोहोचलंच नाही,
चार-पाच टोकं अजून तशीच होती,
पिकून फुटायला आलेल्या जांभळासारखी.

"आता सांग. खरा कशावरून?"

शिकलेलं सगळं डोक्यातून गेलं,
गारवा, बुडबुडे, वजन.
मी म्हटलं, "अण्णांनी आणलाय."

"ही कसोटी नाही," बेन म्हणाल्या,
आणि भिंग माझ्या हातात दिलं.
"पुन्हा बघ."

खाली कुणीतरी दोर मोजत होतं, वाव वाव म्हणत.
श्वासाने काच धुरकटली, पुसली,
पुन्हा डोळ्याला लावली.

पट्टे होते.