आधी तिची वाटी

सकाळी सव्वाआठला, केसांना चाप लावता लावता
मी मुगाची डाळ तीन पाण्यांत धुते,
मूठभर मसूर, लाल भोपळ्याची एक फोड,
हळद नखावर मावेल एवढी,
पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत.
मीठ नाही.
झाकण ठेवते, बटण ‘मंद’वर फिरवते
आणि पतसंस्थेची पिशवी खांद्याला अडकवून
बावड्याच्या स्टॉपकडं पळते.

नणंदेनं पुण्याहून पाठवलेलं हे भांडं.
शिट्टी नाही, जाळ नाही,
वाफ सुद्धा पाहुण्यासारखी संकोचून बाहेर येते.
आण्णांना ते पटत नाही.
एकतीस हंगाम काहिलीपुढं काढलेला गुळव्या माणूस,
चुलवाणाच्या धगीनं भुवया कायमच्या विरळ झालेल्या.
गुऱ्हाळ बंद पडलं, काहील भंगारात गेली,
पण अजून काही शिजत असलं की पाट घेऊन समोर बसतात.
काचेच्या झाकणातून बघतात.
“जाळ न्हाई, मग शिजतंय कशावर?”
“विजेवर, आण्णा.”
“मग एवढं दमानं का? वीज तर पळती की.”

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

रेवू सहा महिन्यांची झाली तेव्हा
डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं:
वर्षाची होईपर्यंत मीठ नको, साखर नको.
मग आण्णांकडं बघून, जरा हळू आवाजात, गूळही नको.
दवाखान्याच्या पायऱ्या उतरून होईतो आण्णा गप्प.
रिक्षा सीपीआरपाशी सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाले,
“माझ्या घरात.”
तेवढंच.

संध्याकाळी मी येते तेव्हा डाळीचं डाळपण गेलेलं असतं.
आधी तिची वाटी: चमच्याच्या पाठीनं घोटलेली,
वर तुपाचा थेंब.
मग कढल्यात तेल तापतं, लसूण तडतडतो,
कांदालसूण चटणीचे दोन चमचे,
आणि हे म्हणतात, अगं दोननं काय होतंय.
भांडं एकच.
ती हसते, आमची नाकं वाहतात.

एका सोमवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट गेली.
काउंटरवर नोटा मोजताना आठवलं,
नव्वदनंतर एकशे दहा म्हणाले.
घरी फोन लागेना.
कच्ची डाळ, भुकेली पोर, असा विचार करत करत
जिना चढले.

भांडं रिकामं, धुऊन पालथं घातलेलं.
परसात विझत आलेली कोळशाची शेगडी,
आणि सोप्यात, जुन्या गोधडीत गुंडाळलेलं
लोकरीच्या टोपीतल्या बाळासारखं पातेलं.
एका मांडीवर रेवू, दुसऱ्या बाजूला ते,
आण्णा दोन्हींवर हात ठेवून बसलेले.
“एक उकळी दिली. बाकीचं तिचं तिनं केलं.”

मी पहिल्यांदा काय केलं असेल तर वास घेतला.
त्यांनी ते बघितलं.
काही न बोलता वाटीत वाढून घेतलं,
अळणी, बिनगोडाचं, तसंच,
आणि जन्मभर लोकांची तोंडं गोड करणाऱ्या माणसानं
पाच-सहा घास नातीच्या तोंडाकडं बघत खाल्ले.
ती त्यांच्या जबड्याबरोबर जबडा हलवत होती.

मग चिमटीत डाळ धरून
अंगठा-बोटात दाबली, उजेडाकडं नेली,
कण लागतो का बघितलं.
डोळे बारीक. तीच जुनी नजर.
“आलंय,” म्हणाले, “आता उतरवा.”

उतरवायला काही नव्हतंच.
मी पदर खोचला, चमचा भरला.
निम्मं तिनं गिळलं,
निम्मं आण्णांच्या सदऱ्यावर आलं,
आणि तो सदरा त्यांनी
झोपेपर्यंत बदलला नाही.